नांगराविना उभे जहाज

चालते जहाज सांभाळणे सोपे, उभे जहाज सांभाळणे कठीण, हे आमच्या किनाऱ्यावरील कोणत्याही जुन्या तांडेलास समजावून द्यावे लागत नाही. वारा धरून निघालेले गलबत सुकाणूचे ऐकते. पाण्यात थबकलेले गलबत लाट, वारा आणि प्रवाह या तिघांचे एकदम ऐकू लागते, आणि या तिघांचे आपसांत क्वचितच पटते. नांगराची विद्या म्हणूनच शिडाच्या विद्येइतकी जुनी आहे. परंतु मांडवीच्या किंवा जुवारीच्या मुखाशी नांगर टाकणे वेगळे आणि साडेतीनशे मीटर खोलीच्या, उघड्या, खवळलेल्या समुद्रात एका ठरावीक बिंदूवर दिवसभर जहाज धरून ठेवणे वेगळे. भरकटलेले जहाज म्हणजे काय, हे गोमंतकीयांना निराळे सांगावयास नको. २००० सालच्या जूनमध्ये कांदोळीच्या वाळूत येऊन रुतलेले 'रिव्हर प्रिन्सेस' तेथून पुरते हलेपर्यंत २०१२ साल उजाडले. त्या बारा वर्षांत त्या किनाऱ्याची जी वाताहत झाली ती सर्वांच्या डोळ्यांदेखत झाली.

असे असता उत्तर समुद्रात गेली कित्येक दशके अडीचशे मीटरांहून लांब तेलवाहू जहाजे नांगर न टाकता समुद्राच्या मधोमध उभी राहतात, पाण्याखाली दडलेला एक बोया आपल्या पोटाखाली नेमका ओढून घेतात, सव्वा लाख टनांच्या आसपास खनिज तेल भरतात, बोया पुन्हा पाण्यात सोडतात आणि निघून जातात. दुसरे जहाज येते आणि तेच करते. हे सारे इतके नित्याचे झाले आहे की त्याची बातमी होत नाही. बातमी होते ती चुकते तेव्हाच. ज्यांच्या समुद्रात तेल निघते आणि ज्यांचे तरुण रत्नागिरीपासून कारवारपर्यंत जगातल्या सर्व जहाजांवर चाकरीस आहेत, त्या आमच्या किनारपट्टीने हा व्यवहार समजून घेणे आवश्यक आहे, असे आम्हांस वाटते.

गोष्टीचा प्रारंभ एका भौगोलिक अडचणीतून झाला. नॉर्वेच्या सागरी हद्दीतील एकोफिस्क येथे १९६९ च्या अखेरीस तेल सापडले आणि १९७१ मध्ये उत्पादन सुरू झाले. परंतु तेलक्षेत्र आणि नॉर्वेचा किनारा यांच्यामध्ये समुद्रतळाशी एक लांबलचक खोल दरी आहे, आणि त्या काळच्या साधनांनी तिच्यातून नळ टाकणे शक्य नव्हते. तेव्हा पाण्यावर तरंगणाऱ्या बोयांना जहाजे बांधून तेल भरले जाऊ लागले. वारा वाढला की जहाज सुटे करावे लागे, जहाज सुटले की तेल ठेवण्यास जागा नसे, आणि जागा नसली की विहिरी बंद कराव्या लागत. वर तेल असून विकता येत नाही, खाली तेल असून काढता येत नाही, अशी ही परवड. तिच्यावर उपाय म्हणून १९७३ साली एकोफिस्कला दहा लाख पिंपे तेल मावेल अशी काँक्रीटची एक अजस्र टाकी समुद्रातच उभी करण्यात आली, आणि १९७५ मध्ये एकोफिस्कचा नळ गेला तोही स्वदेशी नाही, तर पलीकडे इंग्लंडातील टीसाइडला. पुढे १९७९ मध्ये स्टॅटफ्यॉर्ड या त्याहून मोठ्या क्षेत्राचे उत्पादन सुरू झाले तेव्हा तेथे जहाजांवरच भिस्त ठेवण्यात आली. ही ये-जा करणारी जहाजे म्हणजेच 'शटल टँकर'.

तरंगता बोया आणि त्याला दावणीने बांधलेले जहाज ही जोडी किती बेभरवशाची आहे, याचा दाखला ब्रिटिश हद्दीतील फुलमार क्षेत्राने दिला. तेथे तेल साठवण्यासाठी एक प्रचंड जहाज बोयाला कायमचे जखडलेले होते. १९८८ च्या डिसेंबरात, नाताळच्या आदल्या दिवशी, वादळात ते सुटले आणि भर समुद्रात मोकळे झाले. वाऱ्याच्या आणि लाटेच्या एकत्रित जोरापुढे पोलादाची जोडणीही दमते. सतत हेलकावणाऱ्या दोन अजस्र वस्तू जिथे एकमेकींना जखडलेल्या असतात, तिथे सगळा ताण त्या एका सांध्यावर येतो.

या प्रश्नाला दोन बाजूंनी उत्तर शोधण्यात आले. एक उत्तर असे, की जहाज बांधूच नये; त्याने आपल्या बळावर उभे राहावे. दुसरे असे, की बोयाला लाटेच्या तोंडी ठेवूच नये. त्याला खाली न्यावे.

यांतील पहिले उत्तर तेलासाठी सुचलेले नव्हते. १९६१ च्या मार्च-एप्रिलमध्ये अमेरिकेच्या काही शास्त्रज्ञांनी पृथ्वीच्या कवचाला आरपार भोक पाडण्याची एक विलक्षण योजना हाती घेतली. 'मोहोल' प्रकल्प तो हाच. त्यासाठी मेक्सिकोच्या ग्वादालूपे बेटाजवळ साडेतीन हजार मीटर खोल पाण्यात विंधणयंत्र उभे करायचे होते. इतक्या खोल पाण्यात नांगर टाकून जहाज नेमक्या बिंदूवर जखडून ठेवणे त्या काळी शक्य नव्हते. विलार्ड बॅस्कम यांच्या नेतृत्वाखालील मंडळींनी 'कस वन' नावाच्या बोजड तराफ्याला चार कोपऱ्यांवर कोणत्याही दिशेस वळणारी चार यंत्रे बसविली, भोवताली बोये पेरले, आणि रडार व ध्वनियंत्र यांच्या साहाय्याने त्या बोयांकडे डोळे लावून एका माणसाने तो तराफा सुमारे १८० मीटरांच्या वर्तुळात हाताने धरून ठेवला. स्टाइनबेक हा थोर कादंबरीकार त्या तराफ्यावर होता आणि त्याने 'लाइफ' साप्ताहिकात त्याचे वृत्त लिहिले. विंधण यशस्वी झाले. प्रकल्प पुढे राजकारणात आणि खर्चात बुडाला, पण नांगराविना उभे राहता येते, एवढे सिद्ध झाले. त्याच वर्षी शेल कंपनीच्या 'युरेका' या लहानशा जहाजावर हॉवर्ड शॅटो यांनी माणसाच्या हाताऐवजी स्वयंचलित यंत्रणा बसविली. या विद्येला इंग्रजीत 'डायनॅमिक पोझिशनिंग' म्हणतात. आपण तिला स्थितिनियंत्रण म्हणू.

स्थितिनियंत्रणाची कल्पना सांगण्यास सोपी आहे. जहाज कोठे आहे हे क्षणोक्षणी मोजावयाचे, ते कोठे असावयास हवे त्याच्याशी ताडून पाहावयाचे, आणि जो फरक पडला असेल तो भरून काढण्यासाठी पंखे फिरवावयाचे. जहाजाच्या नाळेपाशी आणि वरवंडीपाशी तळाच्या आडव्या बोगद्यांत बसवलेले पंखे त्याला बाजूला ढकलतात. काही पंखे सर्व दिशांना वळू शकतात. मागचे मुख्य पंखे आणि सुकाणू आपले काम करतातच. स्थान मोजण्यासाठी आज उपग्रह आहेत, समुद्रतळावर ठेवलेली ध्वनी देणारी उपकरणे आहेत. दिशा सांगण्यास फिरकीचे होकायंत्र आहे, वाऱ्यासाठी वातमापक आहे. हे सगळे गणकयंत्राकडे जाते आणि गणकयंत्र पंख्यांना हुकूम सोडते.

परंतु यात एक मेख आहे, आणि सगळे शहाणपण त्या मेखेत आहे. उभे जहाज दोन प्रकारे हलते. प्रत्येक लाटेबरोबर ते काही सेकंदांत पुढे जाऊन मागे येते, आणि शिवाय वारा व प्रवाह यांच्यामुळे मिनिटामिनिटाला थोडेथोडे वाहवत जाते. पहिल्या यंत्रणा या दोन्ही हालचालींशी झुंजत बसत. प्रत्येक लाटेला उत्तर देण्याच्या धडपडीत पंखे उलटसुलट फिरत, इंधन जाळीत आणि झिजून जात, आणि पदरात काही पडत नसे. कारण लाटेने पुढे नेलेले जहाज लाटच मागे आणून सोडते. नॉर्वेतील ट्रॉन्डहाइमच्या तंत्रविद्यालयातील प्राध्यापक येन्स ग्लाड बाल्शेन यांनी या ठिकाणी बुडापेस्टमध्ये जन्मलेल्या रुडॉल्फ काल्मान यांचे १९६० साली प्रसिद्ध झालेले गणित उपयोगात आणले. हे गणित गोंगाटातून खरी गोष्ट निवडून काढते. चंद्रावर गेलेल्या यानांनीही त्याचाच आधार घेतला होता. बाल्शेन यांनी त्याच्या साह्याने लाटेचा हेलकावा आणि वाहवत जाणे यांची फारकत केली. हेलकाव्याला उत्तर द्यावयाचे नाही, तो सोसावयाचा. वाहवत जाण्याला तेवढे अडवावयाचे. हे ज्या कारखान्याने बांधून १९७७ मध्ये 'सीवे ईगल' या जहाजावर बसविले, तो कॉन्ग्सबर्गचा कारखाना मुळात बंदुका-तोफांचा होता. शस्त्रागारातून निघालेल्या विद्येने जहाजाला न झगडण्याची कला शिकवावी, ही योगायोगाची गोष्ट खरी. पण आम्हांस ती नमूद करण्याचा मोह आवरत नाही.

न झगडण्याचा आणखी एक भाग असा, की असे जहाज वाऱ्याला छातीवर घेत नाही. ते नाळ वाऱ्याकडे वळवते. देवळाच्या कळसावरील पताका जशी वारा फिरेल तशी फिरते, तसे हे अडीचशे मीटरांचे धूड एका बिंदूभोवती सावकाश फिरत राहते. आडवे उभे राहिले तर ज्या वाऱ्यापुढे पंखे हात टेकतील, त्याच वाऱ्याकडे तोंड करून ते निम्म्याहून कमी शक्तीत टिकते.

आता दुसऱ्या उत्तराकडे वळू. समुद्र कितीही खवळलेला असो, त्याचा कोप पृष्ठभागाजवळचा असतो. लाटेची हालचाल खोलीबरोबर झपाट्याने विरत जाते. एका लाटमाथ्यापासून दुसऱ्यापर्यंत साठ मीटर अंतर असलेली लाट पंचेचाळीस मीटर खोलीवर शंभरातला एक भागसुद्धा उरत नाही. दीडशे मीटर लांबीची दांडगी लाटही त्या खोलीवर सुमारे सातव्या हिश्श्यावर येते. पाण्यात बुडी मारून लाटेखालून जाणाऱ्या आमच्या कोळ्यांच्या पोरांना हे गणित न शिकता येते. नॉर्वेच्या तंत्रज्ञांनी १९९० नंतरच्या काही वर्षांत याच तत्त्वावर पाण्याखालच्या बोयाची रचना केली.

हा बोया शंकूच्या आकाराचा, एखाद्या दुमजली घराएवढा असतो. समुद्रतळावर चहूबाजूंनी पसरलेल्या साखळ्यांनी आणि नांगरांनी तो पाण्याखाली तीस ते पन्नास मीटरांवर धरलेला असतो. म्हणजे भरलेल्या जहाजाच्या तळाहूनही तो खोल असतो. जहाजे त्याच्यावरून खुशाल जाऊ शकतात आणि वादळ त्याला धक्का देऊ शकत नाही. त्याच्या पोटातून समुद्रतळाकडे तेलाची लवचीक नळी गेलेली असते. वर पाण्यावर तरंगत असते ती फक्त एक दोरी आणि तिचा लहानसा तरंग. भरावयास आलेले जहाज स्थितिनियंत्रणाने बोयाच्या बरोबर वर येऊन उभे राहते; नाळेवरची माणसे ती दोरी पकडतात; जहाजाच्या पुढच्या भागात तळाशी एक शंकूच्याच आकाराचा कोनाडा केलेला असतो, त्याच्या वरच्या कूपातून ओढयंत्राची दोरी खाली सोडून ती बोयाच्या दोरीला जोडतात; आणि मग बोया हळूहळू वर ओढला जाऊन त्या कोनाड्यात बसतो, जसे जात्याचे वरचे पाळे खुंट्यावर बसावे. कुलपे पडतात, पाणी बाहेर काढले जाते, नळी जोडली जाते, तेल वाहू लागते. बोयाचा मधला भाग साखळ्यांसह स्थिर राहतो आणि जहाज त्याच्याभोवती वाऱ्याप्रमाणे फिरते. जात्याची उपमा येथेही लागू पडते. चार-पाच मीटरांच्या लाटांतही हा जोड साधतो, आणि एकदा साधला म्हणजे याहून कितीतरी मोठ्या वादळात टिकावा, असे त्याचे गणित मांडलेले असते.

या व्यवस्थेची सर्वांत कठोर परीक्षा पाहिली ती हायड्रुन या क्षेत्राने. नॉर्वेच्या मध्यभागासमोर, उत्तर ध्रुववृत्ताच्या फार दक्षिणेस नव्हे, अशा ठिकाणी साडेतीनशे मीटर पाण्यात हे क्षेत्र आहे. १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये ते सुरू झाले तेव्हा तेथे तेल साठवण्यास टाकी नव्हती, किनाऱ्याकडे तेलाचा नळ नव्हता. होते ते पाण्याखालचे दोन बोये आणि ये-जा करणारी जहाजे. विहिरीतून निघालेले तेल सरळ जहाजात जावयाचे. म्हणजे एक जहाज भरून निघण्यापूर्वी दुसरे दुसऱ्या बोयावर येऊन जोडले गेलेच पाहिजे. नाही तर उत्पादन बंद. हिवाळ्यात जेथे दिवस काही तासांचा, त्या समुद्रात ही साखळी वीस वर्षे चालविण्यात आली. ती चालली हे उभे राहण्याच्या विद्येचे मोठेच यश म्हणावे लागेल. तरीही २०१५ मध्ये हायड्रुनला एक कायमचे साठवणजहाज नेऊन ठेवण्यात आले. विद्या सिद्ध झाली तरी तिच्यावर अखंड ताण ठेवणे शहाणपणाचे नाही, एवढा बोध त्या देशाने घेतला, असे आम्ही समजतो.

या बोयाचा एक गुण आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो, तो म्हणजे तो सोडता येतो. दक्षिण चीन समुद्रात लुफेंग येथे १९९७ मध्ये याच जातीच्या बोयावर एक उत्पादन-जहाज ठेवण्यात आले. टायफून येऊ लागला की बोया खाली सोडावा आणि जहाजाने दूर जावे, अशी तेथील योजना. किनाऱ्यावर नांगरून ठेवलेली होडी उधाणात सुटणार असे दिसले की नाखवा ती स्वतःच सोडून खाडीत घेतो. धरून बसण्याचा हट्ट समुद्रावर चालत नाही.

एवढे सांगून थांबलो तर वाचकांची फसवणूक होईल. नांगर हे मुके साधन आहे. एकदा रोवले की त्याला वीज लागत नाही, इंधन लागत नाही, डोळे लागत नाहीत. स्थितिनियंत्रणाला हे सारे क्षणोक्षणी लागते. जहाज उभे दिसते, पण ते उभे नसते. ते अखंड उभे केले जात असते. यंत्रघरात वीज गेली की ती स्थिरता तत्क्षणी संपते. २००६ च्या नोव्हेंबरमध्ये 'नाविओन हिस्पानिया' हे शटल टँकर नॉर्वेच्या समुद्रात 'न्यॉर्ड बी' या साठवणजहाजामागे उभे होते. इंधनातील गाळाने गाळण्या तुंबल्या, यंत्रे बंद पडली, आणि ज्या जहाजापासून सुरक्षित अंतर राखावयाचे त्याच्यावरच ते जाऊन आदळले. कोट्यवधींची यंत्रणा, आणि दगा दिला तो गाळणीने. पुढच्याच वर्षी, २००७ च्या १२ डिसेंबर रोजी, स्टॅटफ्यॉर्ड येथे 'नाविओन ब्रिटानिया'त तेल भरले जात असता जोडणीवरची झडप ध्यानीमनी नसता मिटली. वाहत्या तेलाचा दाब नळीत उसळला. नळी तुटली आणि सुमारे ४,४०० घनमीटर खनिज तेल समुद्रात गेले. नॉर्वेच्या इतिहासात यापूर्वी इतके तेल सांडले होते ते एकदाच, १९७७ साली.

या अपघातांपुढे नॉर्वेने काय केले, तर त्यांच्या सुरक्षा-यंत्रणेने चौकशी करून अहवाल सर्वांसमोर ठेवले. कोणती झडप, कोणती गाळणी, कोणाला कोणता इशारा मिळाला आणि कोणाला मिळाला नाही, हे त्यांत लिहिलेले असते. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १९९४ मध्ये या जहाजांचे तीन वर्ग ठरवून दिले, आणि २०१७ मध्ये नव्या जहाजांसाठी ते नियम सुधारले. पहिल्या वर्गात एक दोष आला तर जहाज जागा सोडू शकते. दुसऱ्यात कोणतेही एक यंत्र बंद पडले तरी सोडता कामा नये. तिसऱ्यात एखादी खोली जळाली किंवा पाण्याने भरली तरी सोडता कामा नये. म्हणून एकाला दोन पंखे, दोनाला तीन गणकयंत्रे, वेगळ्या खोल्यांत वेगळे वीजसंच. जहाजाच्या पुलावर हिरवा, पिवळा आणि तांबडा असे तीन दिवे असतात. पिवळा लागला की काम आवरते घ्यावयाचे. तांबडा लागला की पंप थांबवून, झडपा मिटून, सुटून दूर जावयाचे. हा निर्णय गणकयंत्र घेत नाही. त्या पाटीसमोर दोन अधिकारी आलटूनपालटून बसतात, आणि पिवळ्याच्या वेळी 'आणखी थोडे भरून घेऊ' असे न म्हणणे हे त्यांचे खरे काम असते.

आता आमच्या समुद्राकडे यावे लागते. सागर सम्राट या विंधणमंचाने १९७४ च्या फेब्रुवारीत मुंबई हायला तेल शोधले, १९७६ च्या २१ मे रोजी उत्पादन सुरू झाले, आणि उरणपर्यंतचा नळ होईस्तोवर आमचेही तेल बोयावरूनच जहाजांत भरले जात होते. एकोफिस्कची परवड आम्हीही थोडीफार भोगली आहे, आणि आमच्या वाट्याला वर मोसमी वारे आहेत. जून-जुलैत आमचे मच्छीमार समुद्रात जात नाहीत. नारळी पौर्णिमेस नारळ वाहिल्याखेरीज होडे पाण्यात लोटत नाहीत. आग्वादच्या मुखावरची वाळू धोक्याची होते तेव्हा खनिजाच्या बार्जेस कुंभारजुव्याच्या कालव्याने जात, हे गोमंतकाने पिढ्यानपिढ्या पाहिले आहे. तेलाला मात्र चातुर्मास नाही.

२००५ च्या २६ जुलैचा मुंबईतला पाऊस कोणी विसरलेले नाही. दुसऱ्या दिवशी, २७ जुलैला, किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरांवर मुंबई हाय नॉर्थ हा मंच जळून दोन तासांत समुद्रात कोसळला, हे त्या पुराच्या बातम्यांत अनेकांच्या नजरेतून निसटले. 'समुद्र सुरक्षा' या साहाय्यक जहाजावरील एका स्वयंपाक्याची बोटे कापली गेली होती. हवा वाईट, हेलिकॉप्टर उडू शकत नव्हते. तेव्हा त्याला उपचारासाठी मंचावर उचलून घ्यावे असे ठरले. जहाज स्थितिनियंत्रणाचे होते, पण त्याच्या वळत्या पंख्यात बिघाड होता, म्हणून ते हाताने चालवीत मंचाजवळ आणले गेले, आणि तेही वाऱ्याच्या बाजूने, कारण आडोशाच्या बाजूची यारी चालत नव्हती. माणूस सुखरूप वर गेला. मागे फिरताना मोठ्या उसळीबरोबर जहाजाचा हेलिकॉप्टर-कट्टा समुद्रतळाकडून वर येणाऱ्या वायूच्या उभ्या नळीवर आदळला. ३८४ माणसांपैकी २२ गेली. ३६२ वाचली ती बचाव करणाऱ्यांच्या शौर्याने. जहाज काही दिवसांनी बुडाले.

या घटनेला आमच्याकडे 'दर्याचा कोप' म्हणून बाजूस सारण्यात आले. आम्हांस ते मान्य नाही. दर्याने त्या दिवशी जे केले ते तो दर जुलैमध्ये करतो. नादुरुस्त पंख्याचे जहाज वाऱ्याच्या बाजूने जिवंत वायूच्या नळीजवळ आणावे काय, हा प्रश्न दर्याला विचारावयाचा नाही. त्यात एका स्वयंपाक्याच्या वेदनेविषयी कणव होती, हे खरे, आणि म्हणूनच ती गोष्ट मनाला अधिक लागते. पण पिवळा दिवा कणवेच्या वेळीसुद्धा पिवळाच असतो.

सोळा वर्षांनी, २०२१ च्या मे महिन्यात, तौक्ते वादळाने दुसरी बाजू दाखविली. पी-३०५ या निवासी बार्जला स्वतःचे चालकयंत्र नव्हते. ती नांगरांवर उभी होती. वादळाचा इशारा आधी मिळालेला होता. नांगर सुटले, बार्ज भरकटली आणि १७ मे रोजी बुडाली. तीवरील २६१ जणांपैकी सत्तरांहून अधिक माणसे मेली. ज्याला सोडून निघून जाता येत नाही असे काही वादळाच्या वाटेत ठेवावयाचे असेल, तर वेळीच कोणीतरी ते ओढून नेले पाहिजे. लुफेंगचा बोया हेच तर सांगतो.

२००८ साली नियम करून समुद्रातील तेलकामाच्या सुरक्षेचे अधिकार तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाकडे देण्यात आले. नियम चांगले आहेत. मुंबईत स्थितिनियंत्रणाचे शिक्षण देणाऱ्या संस्था आहेत, आणि तेथून निघालेली आमची मुले उत्तर समुद्रातही त्या पाटीसमोर बसतात. तेव्हा उणीव बुद्धीची नाही, विद्येचीही नाही. नॉर्वेचा कोळी आपल्या समुद्रात कोणती झडप मिटल्याने तेल सांडले ते आपल्या भाषेत वाचू शकतो. २००५ आणि २०२१ च्या चौकशांत काय आढळले, कोणते बदल झाले आणि कोणते राहिले, हे मराठीत, किनाऱ्यावरच्या माणसाला समजेल अशा शब्दांत कोठे मिळेल? तेल खात्याने आणि नौकानयन महासंचालनालयाने हे एवढे एक काम यंदाच्या पावसाळ्यापूर्वी करावे. छपाईचा खर्च एका गाळणीहून फार नसावा.